घर सगळ्यांचं, अंतर कुणाचं?

मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबात घराचा विषय निघाला की तो फार लवकर स्टेशनांच्या नावांवर येतो. डोंबिवली परवडत नाही, मग अंबरनाथ. अंबरनाथही वर गेलं, मग बदलापूर, वांगणी, नेरळ. पश्चिम रेल्वेवर हेच विरारच्या पुढे सफाळे-पालघरपर्यंत जातं. एकेक स्टेशन पुढे सरकलं की दर उतरतो आणि गाडीतला वेळ वाढतो. या देवाणघेवाणीत नेमकं कोण काय देतं, ते मला मांडायचं होतं. एकट्याच्या युक्तिवादात ते बसेना, कारण दोन्ही बाजूंची माणसं खरं बोलतात. म्हणून दोघींना समोरासमोर बसवलं आहे.

एक मावशी. बदलापूर पूर्वेला राहते, फोर्टातल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाली. दुसरी तिची भाची. लालबागच्या चाळीत एका खोलीत नवरा आणि चार वर्षांच्या मुलीसह भाड्याने राहते. तिची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, नवऱ्याची ऐरोलीला. मावशीच्या इमारतीत वन बीएचके विकायला निघालं आहे. या दोघी मी रचलेल्या आहेत. त्यांच्या वादातली रेल्वे, गिरणगाव आणि घराचे दर मात्र रचलेले नाहीत.

मावशी: तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे. पाणी दोन्ही वेळ येतं. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, आणि संडास घरात. लालबागला जे भाडं भरतेस त्यात इथला हप्ता जवळजवळ निघेल. अजून काय बघायचं राहिलं?

भाची: टाइमटेबल.

मावशी: ते मला विचार. पस्तीस वर्षं मी त्याच गाड्यांनी गेले.

भाची: म्हणूनच तुझ्याशी बोलायला आले. मी दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडलाय. इथून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग कुर्ल्यापर्यंत तास-सव्वा तास, कुर्ल्याला उतरलं की बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग. एका वेळचे दोन तास. जाऊन-येऊन चार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास होतात. आठ तासांची पाळी म्हटलं तर बारा दिवसांच्या वर.

मावशी: आणि आत्ता किती लागतात?

भाची: पाऊण तास.

मावशी: म्हणजे दीड तास आजही जातोच. तो वजा कर. हिशेब करायचा तर पुरता करावा.

भाची: बरं, अडीच तास रोजचे. महिन्याला साठ-बासष्ट. हे साठ तास मला पगार देणारा देत नाही, घर विकणारा देत नाही. ते मी देते.

मावशी: देतेस, पण फुकट देत नाहीस. त्या खोलीत लेकीला झोपवायचं म्हणजे तुम्ही दोघांनी दिवा मालवून मोबाइल बघत बसायचं. सासूबाई आल्या की तुझा नवरा गॅलरीत अंथरूण टाकतो. उद्या पोर शाळेत जाईल, अभ्यासाला बसेल, मोठी होईल, तिला दार लावून घ्यावंसं वाटेल. त्या दाराची किंमत कुठल्या खात्यात धरलीस?

हा प्रश्न वजनदार आहे. मुंबईबाहेर गेलेल्या माणसांबद्दल शहरात राहणारे एका दयेने बोलतात, आणि त्या दयेत हे दार विसरलं जातं. 180 चौरस फुटांत चार-पाच माणसांनी काढलेल्या आयुष्याला चाळसंस्कृतीचं प्रेमळ नाव देणं सोपं असतं. त्या खोलीतून निघून दोन खोल्यांच्या घरात आलेल्या बाईला पहिल्या रात्री काय वाटलं असेल, त्याचाही हिशेब व्हायला हवा.

भाची: दार मला हवंय, मावशी. त्यासाठी रोज चार तास प्रवासात घालवायचे असतील तर त्या दाराच्या आत मी असणार किती वेळ? सकाळी सहाला निघायचं, रात्री साडेआठला यायचं. लेक उठायच्या आत निघाले आणि ती झोपल्यावर आले, तर तिला खोली मिळेल आणि आई रविवारी मिळेल.

मावशी: माझी पोरं वाढलीच की.

भाची: वाढली. कुणी वाढवली?

मावशी: सासूबाईंनी. आणि मी. रविवारी आठवड्याच्या चटण्या करून ठेवायचे, रात्री डबे भरून ठेवायचे. पण तू गाडीतले तास सगळे वाया गेले असं धरतेस, ते मला मान्य नाही. लेडीज डब्यात आमचा ग्रुप होता. सकाळच्या गाडीत मटार सोलणं, गवार मोडणं चालायचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी गजरे, संक्रांतीला हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण. एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिच्या मुलाची फी आम्ही डब्यातल्या बायकांनी भरली. घरात मी सून होते, ऑफिसात क्लार्क होते. त्या सव्वा तासात मला कुणी काही सांगत नसे. तेवढा वेळ माझा होता.

भाची: बसायला मिळालं तर.

मावशी: बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत मिळतं. कर्जतहून येणारी असली तर नाही. मग एकमेकींना सांगून ठेवायचं, तू अमक्या स्टेशनला उतरलीस की तुझी जागा माझी. आणि अगदीच झालं तर चौथी सीट.

चौथ्या सीटबद्दल थोडं सांगायला हवं. लोकलचं बाकडं तिघांचं. त्यावर चौथा माणूस टेकतो, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत, एका पायावर भार देऊन. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि सगळे पाळतात. मुंबईच्या माणुसकीचं उदाहरण म्हणून तो सांगितला जातो, आणि ते खरंही आहे. तरीही तासभर एका मांडीवर बसलेल्या माणसाच्या कमरेला माणुसकीचा आधार मिळत नाही. डब्यातली मैत्री जिथे गाडी कमी पडली तिथे उगवली. तिचं कौतुक करावं, पण ते गाड्या कमी असण्याचं समर्थन होऊ नये.

गाड्या कमी का, याला कारण आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती 34 किलोमीटर. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याच्या बरोबर दुप्पट अंतरावर. कल्याणपर्यंत मध्य रेल्वेला चार मार्ग पूर्वीपासून आहेत, ठाणे-दिवा पट्ट्यात 2022 मध्ये पाचवा-सहावाही पूर्ण झाला. कल्याणहून कर्जतकडे वळलं की मात्र रूळ दोनच. त्याच दोन रुळांवरून बदलापूर, कर्जत, खोपोलीच्या लोकल जातात, पुण्याकडे आणि दक्षिणेत जाणाऱ्या एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम मंजूर होऊन सुरू आहे. वस्ती तोवर थांबलेली नाही. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आसपास होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती उठल्या हे स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं तरी दिसतं.

भाची: तू गर्दीबद्दल असं बोलतेस की जणू ती फक्त त्रासदायक आहे. ती मारते, मावशी. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्यातली एक गाडी कर्जतहून येणारी होती, तुझ्याच बदलापूरवरून गेलेली. ती माणसं हौसेने दारात उभी नव्हती.

मावशी: माहीत आहे. त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरातून फोन चालले होते.

भाची: 2023 या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, सगळी मिळून. पुढच्या वर्षी हायकोर्टाने यावरून रेल्वेला धारेवर धरलं. घराच्या जाहिरातीत स्टेशनपासून दहा मिनिटं असं लिहितात, तेव्हा हे कुणी लिहीत नाही.

मावशी: तुझं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हे सांग, हा हिशेब करून जी माणसं इथे आली ती काय भोळी होती? तुझे आजोबा भोळे होते?

इथून वाद वेगळ्या जमिनीवर येतो. मावशीचे वडील, भाचीचे आजोबा, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते गिरणीत जॉबर होते आणि परळला एका खोलीत राहत होते. भोंगा झाला की चालत पाच-सात मिनिटांत खात्यात. गिरणगावाची रचनाच तशी होती. काम जिथे, तिथून चालत जाता येईल एवढ्यात माणूस राहायचा. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाइल रोड या भागांत चाळी गिरण्यांना लागून उठल्या त्या याच गरजेतून. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला आणि त्यातले कित्येक पुन्हा कधी गिरणीच्या दारातून आत गेले नाहीत.

मावशी: अण्णांनी खोलीची पागडी घेतली आणि इथे आलो. मी नुकती नोकरीला लागले होते. थोरलीचं, म्हणजे तुझ्या आईचं लग्न त्या पैशांत झालं, उरलेल्यात इथे दोन खोल्या घेतल्या. कुणी आम्हाला विचारलं नव्हतं की प्रवास हवा की शहर हवं. शहरातलं कामच संपलं होतं. आणि अण्णा इथे येऊन मेले नाहीत बघ, जगले. मागे मोकळी जागा होती, तिथे त्यांनी शेवगा लावला, आळू लावला. परळला त्यांना कुणी विचारत नव्हतं. इथे सोसायटीचे अध्यक्ष झाले.

भाची: आणि त्याच परळच्या शेजारी मी आज त्याच मापाच्या खोलीला भाडं भरते. अण्णांनी जी सोडली तसली खोली विकत घ्यायचा विचारही मला करता येत नाही. मला तुझ्यावर राग नाही, मावशी. पण गिरण्या गेल्या, तिथे ऑफिसं आली, मॉल आले. कामं तर तिथेच परत आली. माणसं का नाही आली?

याचं उत्तर नशिबावर ढकलता येत नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन हिश्श्यांत वाटणी ठरवली होती. एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकांसाठी. 2001 मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाची झाली. म्हणजे जिथे खाती, शेड, चिमण्या उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. शहराच्या मधोमध, रेल्वेच्या दोन्ही मार्गांना लागून, शेकडो एकर जमीन अशी एकदाच मोकळी झाली होती. तिथे कामाची जागा वाढली आणि काम करणाऱ्यांची घरं त्या प्रमाणात झाली नाहीत. मुंबईत गेल्या पन्नास वर्षांत हाताशी आलेली ही सर्वांत मोठी संधी होती आणि ती आपण घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. दक्षिणेकडच्या बेट-मुंबईची लोकसंख्या 2001 च्या 33 लाखांवरून 2011 मध्ये 31 लाखांच्या आत आली, आणि त्याच 2011 च्या जनगणनेत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांसह देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. लोक कुठून कुठे गेले ते या दोन आकड्यांत दिसतं.

आणखी एक संधी त्याआधी येऊन गेली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर मांडलं, त्यामागे कामाची ठिकाणंच पूर्वेला नेण्याचा विचार होता. ते वसवायला 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबई उभी राहिली. पण राज्याचं मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिलं आणि समुद्रात भर घालून त्याच्या आजूबाजूला आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या.

मावशी: आमचंही ऑफिस बेलापूरला जाणार असं मी नोकरीला लागल्यापासून ऐकत होते. निवृत्त झाले तरी ते फोर्टातच होतं.

भाची: आणि आता गिरणी कामगारांच्या वारसांना शेलूला आणि वांगणीला घरं घ्या म्हणतात. तुझ्या बदलापूरच्याही पुढे! 9 जुलै 2025 ला आझाद मैदानात म्हातारी माणसं काठ्या टेकत आली होती, घर मुंबईतच द्या म्हणून. त्यातल्या अनेकांना आता नोकरीला जायचं नाही, रोजच्या प्रवासाचा प्रश्नच नाही. तरी त्यांना मुंबई हवी. का?

मावशी: कारण केईएम हॉस्पिटल जवळ आहे. आणि ओळखीची माणसं आहेत, जी उरलीत ती.

भाची: बघ, तूच सांगितलंस. काकांच्या आजारपणात तू किती वेळा परळला खेपा घातल्यास? ताप असलेल्या माणसाला घेऊन लोकलमध्ये चढायचं. शहर म्हणजे मला मॉल नकोत. हॉस्पिटल हवं, लायब्ररी हवी, शनिवारी शिवाजी मंदिरला नाटक बघून शेवटच्या गाडीची धडकी न भरता घरी येता यायला हवं.

मावशी: वर्षात किती नाटकं बघितलीस?

भाची: दोन.

मावशी: दोन. आणि त्या दोन नाटकांसाठी दर महिन्याला भाडं, अकरा महिन्यांनी नवा करार, दलाली, डिपॉझिट वाढवून मागणारा मालक. परवा चाळ पुनर्विकासाला गेली की तुला नोटीस. मूळ भाडेकरूला नवं घर मिळेल, तुला टेम्पो मिळेल. मी शहराला नावं ठेवत नाही गं. मी म्हणते, शहर तुझं आहे असं तुला वाटतं, पण त्याच्या कुठल्या कागदावर तुझं नाव आहे? इथे सातबाऱ्यावर नसलं तरी शेअर सर्टिफिकेटवर असेल.

ही बाजू मला भाचीच्या बाजूइतकीच भक्कम वाटते. शहरात राहण्याचं मोल मांडणारे बहुतेक लेख ज्यांचं घर शहरात आधीच आहे त्यांनी लिहिलेले असतात. भाड्याने राहणाऱ्याला जवळपणा मिळतो, पण तो अकरा महिन्यांचा. मालकाने नाही म्हटलं की शाळा, पाळणाघर, दवाखाना, कोपऱ्यावरचा वाणी, सगळं पुन्हा जुळवायचं. बदलापूरला जाणारा माणूस लांब जातो आणि स्थिर होतो. स्थिरतेची भूक ही अडाणी भूक नाही. संपानंतर देशोधडीला लागलेल्या घरांतून आलेल्या माणसांना ती जास्त असते, आणि असायलाच हवी.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये मांडलं की जमिनीचा दर मध्यभागापासून दूर जाताना उतरतो आणि प्रत्येक कुटुंब प्रवासाचा खर्च आणि जागेची स्वस्ताई तोलून आपलं ठिकाण निवडतं. या तर्काने पाहिलं तर दूर राहणाऱ्याची भरपाई स्वस्त आणि मोठ्या घरात होऊन जाते. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतल्या, वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांना प्रश्न विचारणाऱ्या पाहणीवर हे तपासलं. जास्त वेळ प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाली. म्हणजे भरपाई होते हे गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात ती पुरती होत नव्हती. जर्मनीतल्या गाडीत बदलापूर लोकलची गर्दी नसते, हेही ध्यानात ठेवावं.

पण मला अलोन्सोंच्या मांडणीत अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. तिथे निवड करणारं कुटुंब आहे. एक कुटुंब, एक नोकरी, एक अंतर. कुटुंबाला घर मिळालं, कुटुंबाने प्रवास केला. प्रत्यक्षात कुटुंब कधी गाडीत चढत नाही. चढतं एक माणूस.

भाची: तुला एक दाखवू? मी दोघांचे रस्ते लिहून काढलेत. लालबागहून त्याला ऐरोलीला जायला चिंचपोकळीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर. सव्वा तास. बदलापूरहून ठाणे आणि तिथून ऐरोली, तोही सव्वा तासच. त्याचं अंतर वाढतच नाही. माझा पाऊण तास दोन तासांवर जातो. म्हणून त्याला हे घर छान वाटतं. तो खोटं बोलत नाही. त्याच्या बाजूने घर खरंच स्वस्त आहे.

मावशी: हे तू त्याला सांगितलंस?

भाची: सांगितलं. तो म्हणाला, तू जवळची नोकरी बघ. कल्याण-ठाण्याला काहीतरी मिळेल.

मावशी: मग?

भाची: मिळेल की. अर्ध्या पगाराची. माझ्या कामाची ऑफिसं बीकेसीला आहेत, परळला आहेत. तूही एकदा प्रमोशन नाकारलं होतंस ना? आई सांगायची.

मावशी: नाकारलं. त्या जागेवर संध्याकाळी उशीर व्हायचा. साहेबांची वेळ संपेपर्यंत थांबावं लागे. मला सहाची गाडी गाठायची असायची. सासूबाई सात वाजल्यापासून दारात उभ्या राहायच्या. मला वाटायचं माझी काळजी करतात. आता त्यांच्या वयाला आले तेव्हा कळतं, त्या दिवसभर दोन पोरांमागे धावून थकलेल्या असायच्या.

भाची: म्हणजे तुझं अंतर तू एकटीनेही नाही चाललीस. अर्धं त्यांनी चाललं.

मावशी: हो. तसंच म्हण.

घराचा हप्ता कुणाच्या पगारातून किती जाईल, हे बँक विचारते. सह-कर्जदार कोण, तेही विचारते. रोजचे अडीच तास कुणाच्या अंगावर पडणार आणि ती व्यक्ती बाहेर असताना घरातलं तिचं काम कोण करणार, हे विचारणारा कागद कुठेच नसतो. ते न बोलता ठरतं. बहुतेक वेळा सुनेच्या नोकरीतून, नाहीतर सासूच्या म्हातारपणातून फेडलं जातं. मुंबईत 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली तेव्हा ती मोठी सोय झाली. त्या गाडीतल्या बायका घरी पोहोचल्यावर त्यांचा दुसरा दिवस सुरू व्हायचा, आणि त्यात कुठल्याही गाडीने बदल होत नव्हता.

मावशी: मग मी एक सांगू? घर घ्या. लेकीला मी सांभाळते. मला आवडेल. घर रिकामं खायला उठतं.

भाची: मला माहीत आहे तुला आवडेल. एक वर्ष आवडेल. ती शाळेत जायला लागेल, तुझे गुडघे दुखतील, माझी गाडी रोज वीस मिनिटं लेट होईल आणि तू काही बोलणार नाहीस. तू तुझ्या सासूबाईंसारखी दारात उभी राहशील. मला ते नकोय.

मावशी: मग तुला काय हवंय ते तरी सांग. नुसतं नाही-नाही करून घर होत नाही.

भाची: तीन गोष्टी. ऑफिसला मी विचारणार, साडेसात ते चारची वेळ द्या, किंवा आठवड्यातले दोन दिवस घरून. रेल्वे स्वतःच ऑफिसांना वेळा पुढेमागे करा म्हणून सांगत असते, गर्दी फुटावी म्हणून. दुसरं, लेकीचं सकाळचं सगळं त्याच्याकडे. उठवणं, डबा, शाळा. त्याला उशिरा निघता येतं. आणि तिसरं, आधी विकत नाही घ्यायचं. अकरा महिने इथे भाड्याने राहायचं.

मावशी: अकरा महिन्यांत भाव चढतील. हा फ्लॅट तर जाईलच.

भाची: जाऊ दे. वीस वर्षांचं कर्ज आहे. माझ्या वीस वर्षांच्या संध्याकाळी त्यात आहेत.

मावशी: आणि नाही जमलं तर परत लालबाग? तोवर तिथलं भाडंही वाढलेलं असेल.

भाची: नाही. मग मधलं कुठलंतरी. कळवा, विक्रोळी, मुलुंडची जुनी बिल्डिंग. लहान असेल, दार एकच असेल.

मावशीला हे पटलेलं नाही. तिच्या मते भाड्याने राहून बघणं म्हणजे वर्षभराचे पैसे पाण्यात, आणि मधल्या स्टेशनांवर वन बीएचकेच्या पैशांत वन रूम किचनसुद्धा नीट मिळत नाही. दराच्या बाबतीत ती बरोबर आहे. मी भाचीच्या बाजूला झुकतो, कारण भाव चढला तर पैशाचं नुकसान होतं आणि ते मोजता तरी येतं.

मावशी: बरं, अकरा महिन्यांचं पुढे बघू. आधी एक आठवडा करा. माझ्याकडे या दोघं, पोरीला घेऊन. सोमवार ते शनिवार इथूनच ऑफिसला जा. पोरीचं सकाळचं सगळं जावयांनी करायचं, मी हात लावणार नाही.

भाची: आणि संध्याकाळी?

मावशी: संध्याकाळी जो आधी येईल त्याने कुकर लावायचा. तू साडेआठला येणार, ते सातला. मला बघायचंय ते पहिल्या दिवशी काय करतात आणि शुक्रवारी काय करतात.

भाची: मेगाब्लॉक रविवारी असतो, म्हणजे शनिवारी रात्रीच यावं लागेल.

मावशी: शनिवारी रात्री या. आणि पास नको काढू, आठवड्यासाठी तिकीटच काढ. येताना पोरीची गादी आण, माझ्याकडे एकच जास्तीची आहे.